पर्यटक वळतो कोठे?

(पेण व रोहा तालुक्यांतील ग्रामपंचायत सदस्य, ग्रामपंचायत अधिकारी आणि शिक्षक यांच्या पेण येथील मेळाव्यात एका माहिती अधिकाऱ्याने केलेले भाषण.)



आज शनिवार आहे. आपल्यापैकी जे वडखळच्या नाक्यावरून आले त्यांना सभागृहात पोहोचण्यास उशीर झाला, आणि त्यांतील दोघातिघांनी माझ्याजवळ दिलगिरीही व्यक्त केली. ती व्यक्त करण्याचे काहीच कारण नव्हते. त्यांचा उशीर हाच माझ्या आजच्या भाषणाचा विषय आहे. मुंबई, ठाणे आणि पनवेलकडून निघालेली मोटारगाड्यांची रांग शुक्रवारी सायंकाळपासून आपल्या दारावरून वाहू लागते आणि रविवारी रात्री उलट दिशेने परतते. ह्या रांगेतील बहुतेकांना अलिबाग, नागाव, काशीद आणि मुरूड एवढीच नावे ठाऊक असतात. पेण हे त्यांच्या लेखी वडखळच्या अलीकडचे गाव, आणि रोहा हे कोलाडहून उजवीकडे राहून जाणारे गाव. गाड्यांचा धूर आपल्याकडे, रांगेत अडकलेली रुग्णवाहिका आपली, आणि पर्यटकांच्या खिशातील पैसा मात्र समुद्रकाठी, ही तक्रार मी ह्या भागात येतो तेव्हा प्रत्येक वेळी ऐकतो.

तक्रारीमागोमाग एक विनंतीही येते. "साहेब, आमचेही गाव एकदा मोबाइलवर टाका." शासकीय परिभाषेत ज्यास भ्रमणध्वनी म्हणतात त्या यंत्रावर गावाचे नाव आणि दोन छायाचित्रे झळकली की पर्यटक आपोआप वळतील, अलिबागचा भार हलका होईल आणि आपल्या गावाला चार पैसे मिळतील, असा ह्या विनंतीचा आशय असतो. तो अगदीच चुकीचा नाही. परंतु आहे तसा तो स्वीकारला तर गावावर संकटही ओढवू शकते. म्हणून आज थोडे सविस्तर बोलावे म्हणतो.

प्रथम भार का वाढतो आहे ते पाहू. रोह्यापर्यंत लोहमार्ग आला १९८६ साली. तेथून पुढे निघालेली कोकण रेल्वे १९९८ मध्ये संपूर्ण सुरू झाली. २०२० मध्ये मुंबईहून मांडव्यास मोटारी घेऊन येणारी रो-रो बोट सुरू झाली. १२ जानेवारी २०२४ रोजी २१.८ किलोमीटर लांबीच्या अटल सेतूचे उद्घाटन झाले आणि शिवडीहून निघालेला माणूस पाऊण तासाच्या आत आपल्या जिल्ह्यात उतरू लागला. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्घाटन झाले. त्याच वर्षी जुलैमध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाच्या यादीत स्थान दिले, त्यांत आपल्या जिल्ह्यातील रायगड आणि खांदेरी हे दोन आहेत. ह्या सर्व गोष्टी अभिमानाच्या आहेत. पण मार्ग जेवढे सुलभ होतात तेवढी माणसे येतात, आणि येणारी माणसे ठरावीक आठ-दहा ठिकाणीच उतरतात. पर्यटक फार झाले असे मला म्हणावयाचे नाही. ते एकाच जागी आणि एकाच वेळी फार होतात, एवढाच प्रश्न आहे.

आता मोबाइलकडे वळू. मोबाइल पर्यटकास चोहीकडे विखरून टाकील अशी आपली कल्पना असते. प्रत्यक्षात आजवर त्याने नेमके उलटे केले आहे. त्याची रीत समजून घेतली म्हणजे कारण कळते. आपण "जवळची प्रेक्षणीय स्थळे" असे विचारले की तो ज्या ठिकाणांची सर्वाधिक छायाचित्रे आणि सर्वाधिक अभिप्राय त्याच्याकडे जमा आहेत ती ठिकाणे आधी दाखवितो. आधी दिसली म्हणून तेथे आणखी माणसे जातात, तीही छायाचित्रे टाकतात, आणि पुढच्या वेळी ते ठिकाण आणखी वर येते. गावच्या बाजारात ज्या दुकानापुढे गर्दी दिसते तेथेच नवे गिऱ्हाईक थांबते, तसाच हा प्रकार. फरक एवढाच, की हे गिऱ्हाईक पेणच्या बाजारपेठेतले नाही, ते शंभर किलोमीटरवर बसून निर्णय घेते आणि त्याच्याबरोबर त्याच क्षणी आणखी हजारो जण तोच निर्णय घेतात.

ह्याचा परिणाम आपल्या शेजारच्या माणगाव तालुक्यात आपण पाहिला. भिऱ्याजवळचा देवकुंड धबधबा काही वर्षांपूर्वीपर्यंत पंचक्रोशीला आणि थोड्या गिर्यारोहकांना ठाऊक होता. आज पावसाळा आला की तेथे आणि तशाच इतर धबधब्यांवर जाण्यास मनाई करणारे आदेश काढावे लागतात, कारण पाण्याचा अंदाज न आल्याने माणसे बुडून मेली आहेत. १६ जुलै २०२४ रोजी कुंभे येथील धबधब्याजवळ मुंबईहून आलेली एक तरुणी मोबाइलसाठी चित्रफीत काढताना खोल दरीत कोसळली आणि तिचा अंत झाला. तिला वर काढण्यासाठी स्थानिक बचाव पथकातील माणसे दोर बांधून त्या दरीत उतरली. त्याच्याच आदल्या आठवड्यात, ७ जुलैला, रायगडाच्या पायऱ्यांवरून पाण्याचे लोट वाहू लागले आणि गडावर गेलेले लोक अडकून पडले. त्यानंतर गड महिनाअखेरपर्यंत बंद ठेवावा लागला. ह्या दोन्ही ठिकाणांची छायाचित्रे मोबाइलवर भरपूर होती. आज तेथे पाऊस किती आहे, ओढा कोठवर चढला आहे, हे सांगणारी एक ओळही त्यांच्या शेजारी नव्हती. ती ओळ खालच्या गावातील कोणीही मनुष्य लिहू शकला असता. पण ती लिहावी असे त्याला कोणी सांगितले नव्हते, आणि लिहिली तरी ती पाहणाराच्या दृष्टीस पडेल अशी व्यवस्थाही नव्हती.

म्हणून गाव मोबाइलवर टाकणे म्हणजे काय, याचा विचार आधी करावयास हवा. छायाचित्र टाकणे सोपे असते. छायाचित्राखाली खरी माहिती लिहिणे आणि ती ताजी ठेवणे हे काम कठीण असते, आणि ते गावाबाहेरच्या माणसास करता येत नाही.

ह्या बाबतीत माझीही चूक सांगितली पाहिजे. नोकरीच्या निमित्ताने मी पर्यटनावर पुष्कळ पत्रके लिहिली. त्यांत "निसर्गरम्य" हा शब्द मी किती वेळा वापरला असेन ते मोजण्याचे धाडस मला होत नाही. परंतु गडाखालच्या गावास शेवटची एस. टी. किती वाजता आहे, पाणी कोठे मिळते, स्त्रियांसाठी स्वच्छतागृह आहे की नाही, हे मी क्वचितच लिहिले. वाचणाऱ्यास ह्याच गोष्टी हव्या असतात. त्या न मिळाल्या की तो अलिबागला जातो, कारण तेथे काही ना काही मिळेल याची त्यास खात्री असते.

आपल्या दोन तालुक्यांत दाखविण्यासारखे आहे तरी काय, असे आपल्यापैकीच काही जण विचारतात. मी कला शाखेचा विद्यार्थी, तेव्हा मला हा प्रश्न ऐकून जरा वाईटच वाटते. विनोबाजींचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ रोजी ह्याच पेण तालुक्यातील गागोदे येथे झाला. चिंतामणराव देशमुख, म्हणजे रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, त्यांचे बालपण रोह्यात गेले. पांडुरंगशास्त्री आठवले यांचे जन्मगाव रोहा. रोह्याच्या धावीर महाराजांच्या पालखीस पोलिसांची सशस्त्र मानवंदना दिली जाते. शहराच्या माथ्यावर अवचितगड उभा आहे, त्याच्या तटबंदीत शके १७१८ चा मराठी शिलालेख आहे, आणि चढणीला अशी दाट झाडी आहे की एप्रिलमध्येही सावलीतून जाता येते. घोसाळगडाचे नाव तर पुरंदरच्या तहानंतर महाराजांकडे राहिलेल्या बारा किल्ल्यांच्या यादीत आहे. फणसाड अभयारण्याची एक कड रोहा तालुक्यात येते. नागोठण्याचा जुना दगडी पूल सोळाव्या शतकातला. वडखळला तासभर खोळंबलेल्या माणसास ह्यातले काहीही ठाऊक नसते.

परंतु मला विशेष बोलावयाचे आहे ते मूर्तिकारांच्या गावांविषयी. हमरापूर, जोहे, तांबडशेत, कळवे ह्या गावांतून घरोघरी कारखाने आहेत. पेणच्या गणेशमूर्तीची कीर्ती परदेशापर्यंत पोहोचली आहे आणि तिला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. आता असे समजा, की एखाद्या उत्साही तरुणाने ह्या गावाची चित्रफीत जुलै-ऑगस्टमध्ये प्रसृत केली आणि ती लाखो लोकांनी पाहिली. त्यानंतरच्या रविवारी काय होईल? गणेशचतुर्थी तोंडावर, रंगकाम चालू, ओल्या रंगाच्या मूर्ती ओसरीपासून माळ्यापर्यंत ओळीने मांडलेल्या, बाहेर टेम्पो माल भरण्यासाठी उभे, आणि अशा वेळी अरुंद गल्लीत शंभर मोटारी! पेणच्या मूर्तीचे वैशिष्ट्य तिच्या डोळ्यांच्या आखणीत आहे. ती आखणी करणारा कारागीर श्वास रोखून कुंचला टेकवितो. त्याच्या खांद्यावरून कोणी मोबाइल पुढे केला आणि हात हलला तर त्याची ती मूर्ती गेली. आलेला पाहुणा बहुधा काही विकतही घेणार नाही, त्यास केवळ छायाचित्र हवे असते.

तोच पाहुणा डिसेंबरात किंवा फेब्रुवारीत आला तर? तेव्हाही काम चालूच असते, कारण हा धंदा बारमाही आहे. साच्यातून मूर्ती काढणे, तिचे सांधे लिंपणे, हात बसविणे, हे सारे निवांतपणे पाहता येते. शाळेच्या सहलीतील मुलांच्या हाती शाडूचा गोळा देता येतो, त्याचे शुल्क घेता येते. शिवाय हमरापूर हे रेल्वेचे स्थानक आहे. दिवा-रोहा मार्गावर जिते, हमरापूर, पेण, कासू, नागोठणे, निडी आणि रोहा अशी स्थानके ओळीने आहेत. त्या मार्गाने आलेला मनुष्य वडखळच्या रांगेत एका गाडीचीही भर घालीत नाही. ह्यातली एकही गोष्ट मूर्तिकारास नवीन नाही. आपल्या घरी केव्हा पाहुणा चालेल आणि केव्हा चालणार नाही हे त्याच्याइतके कोणास ठाऊक असणार? ही त्याची माहिती पाहुण्यापर्यंत घरातून निघण्यापूर्वी पोहोचविणे, एवढेच मोबाइलचे काम. विभागणी केवळ जागेची करून भागत नाही, वेळेचीही करावी लागते, ती अशी.

"घरातून निघण्यापूर्वी" हे शब्द मी मुद्दाम वापरले. पर्यटक वळतो कोठे, ह्या प्रश्नाचे उत्तर त्यांतच आहे. वडखळच्या नाक्यावर आपण कितीही मोठा फलक लावला तरी तेथे तो वळत नाही. खोली आधीच घेतलेली असते, मागच्या बाकावरची मुले समुद्र समुद्र म्हणून ओरडत असतात. तो वळतो शुक्रवारी रात्री, किंबहुना बुधवारीच, स्वतःच्या घरात, मोबाइल हातात घेऊन. त्या घटकेला त्याच्यापुढे "काशीदला ह्या रविवारी गर्दी राहील, रोह्यास घोसाळगडाखाली दोन घरांत जेवणाची सोय आहे, ह्या क्रमांकावर विचारा" एवढे आले, तर शंभरातले दहा तरी विचार करतील. दहांनी मार्ग बदलला तरी रांगेत फरक पडतो. आणि खेड्यातल्या दोन घरांना तर दहासुद्धा नकोत, दोन पुरेत.

घरबसल्या विचारणा करण्याची ही कल्पना अन्यत्र अमलात आली आहे. तामिळनाडूत उटी आणि कोडाईकनाल ह्या दोन डोंगरी गावांसाठी मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशाने ७ मे २०२४ पासून वाहनधारकांस इ-पास घेणे आवश्यक झाले. प्रथम हेतू केवळ मोजदादीचा होता. किती वाहने येतात तेच नीट ठाऊक नव्हते. पुढे १ एप्रिल २०२५ पासून हंगामापुरती मर्यादाही घालण्यात आली. उटीस एरवीच्या दिवशी ६,००० आणि शनिवार-रविवारी ८,००० वाहने, कोडाईकनालला ४,००० आणि ६,०००. स्थानिकांची वाहने आणि सरकारी बसगाड्या ह्यांतून वगळल्या. व्यापाऱ्यांनी ह्या मर्यादेस विरोध केला, तोही समजण्यासारखा आहे. आपल्या दोन तालुक्यांत असे निर्बंध असावेत असे मी सुचवीत नाही. आपल्याकडे अजून पाहुणाच उतरत नाही, तर त्यास अडविणार कोठून? पण आधी मोजा, मग बोला, आणि निघण्यापूर्वी सांगा, हे त्यांच्यापासून घेण्यासारखे आहे.

दुसरे उदाहरण हॉलंडमधील ॲम्स्टरडॅमचे, आणि ते जरा गमतीचे आहे. तेथील गर्दी बाहेर पांगविण्यासाठी शहराबाहेरच्या मौडन गावातील जुन्या किल्ल्यास "ॲम्स्टरडॅमचा किल्ला" आणि झांडव्होर्टच्या किनाऱ्यास "ॲम्स्टरडॅमचा किनारा" असे नाव देऊन जाहिरात करण्यात आली. एकाच तिकिटावर तेथवर जाण्याची सोयही केली. युक्ती चालली खरी, पण पाहुणा गेला तो दुसऱ्याच्या नावावर! उद्या कोणी पेणला "अलिबागचे गणपतीचे गाव" म्हणू लागले तर ह्या सभागृहातून काय आवाज उठेल याची मी कल्पना करू शकतो. आपल्या गावाने आपल्याच नावाने ओळखले जावे. ह्यासाठी नावांचे लेखन आधी सुधारावे लागेल. मोबाइलच्या नकाशांवर आपल्या वाड्यांची नावे इतकी विद्रूप झाली आहेत की तेथील म्हाताऱ्या माणसांनाही ती ओळखू येणार नाहीत.

नकाशाचा विषय निघालाच आहे तर एक अनुभव सांगतो. गतवर्षी खारेपाटातील एका गावी जात असता मी सर्वस्वी मोबाइलच्या नकाशावर विसंबलो. डांबरी रस्ता संपला, मातीचा लागला, आणि थोड्या वेळाने गाडी खारबंदिस्तीवर येऊन थांबली. समोर खाडी, भरतीचे पाणी. पलीकडच्या तीरावर ते गाव स्वच्छ दिसत होते. नकाशाच्या हिशेबाने मी पोहोचलो होतो. बांधावर जाळे दुरुस्त करीत बसलेले एक आजोबा म्हणाले, "साहेब, या आठवड्यातली ही तिसरी गाडी. मागं घ्यायला जागा नाही, तसंच उलटं जावं लागंल." मी त्यांना विचारले, ही चूक कोणी कळविली नाही का? ते म्हणाले, "कोणाला कळवायची?" त्यांचा प्रश्न रास्त होता. वास्तविक अशी चूक त्या नकाशावरूनच, कोणाही माणसास, घरबसल्या कळविता येते. शाळेतील सातवीच्या विद्यार्थ्यास हे काम दाखविले तर तो ते आपल्यापेक्षा लवकर शिकेल. उलट जाताना माझ्या गाडीचे एक चाक बांधाच्या कडेला उतरले आणि ते वर घेण्यास त्याच आजोबांनी चार माणसे बोलाविली. खारबंदिस्ती फुटली तर किती एकर भातशेती खारट होते हे येथे बसलेल्या शेतकऱ्यांना सांगण्याची गरज नाही. चुकीचा नकाशा केवळ पाहुण्याचे नुकसान करीत नाही.

आता काय करावे ते सांगतो. हे शासनाचे परिपत्रक नव्हे, माझा विचार आहे. प्रत्येक ग्रामपंचायतीने आधी एक साधी वही घ्यावी. तीत गावातील पाहण्यासारखी स्थळे, तेथे जाण्याची वाट, गाड्या उभ्या करण्याची जागा, किती गाड्या मावतील, पिण्याचे पाणी, स्वच्छतागृह, जेवण देऊ शकणारी घरे आणि एका वेळी किती पाने मांडता येतील, हे लिहावे. हा आकडा फुगवू नये. पोपटीचेच पाहा. हिवाळ्यात वालाच्या शेंगा आल्या की आपल्याकडे शेतात भांबुर्ड्याचा पाला घालून मडकी लागतात. मुंबईचा मनुष्य ह्या एका चवीसाठी जानेवारीच्या थंडीत येईल, समुद्राकडे वळूनही पाहणार नाही. पण एका वाडीत एका रात्री दहा मडकी लागत असतील तर दहाच कुटुंबे बोलवावीत. अकराव्यास नम्रपणे पुढचा शनिवार द्यावा. जिताड्याचे तेच. शेततळ्यातले मासे मागणीप्रमाणे वाढत नाहीत. पाहुणा उपाशी परतला तर तो जे लिहितो ते पुष्कळ काळ पुसले जात नाही.

वहीत दुसरी एक बाजू असावी, तीत दाखवावयाचे नाही ते लिहावे. जी देवराई गावाने राखली ती दाखवावी की नाही हे ग्रामसभेने ठरवावे. ज्या झऱ्याचे पाणी गाव पिते त्याची धबधबा म्हणून प्रसिद्धी करू नये. कातकरी वाडी किंवा ठाकूरवाडी हे प्रेक्षणीय स्थळ नव्हे, तेथे माणसे राहतात. त्यांनी स्वतः होऊन बोलाविले तर गोष्ट वेगळी, आणि मग त्याचे पैसेही त्यांच्याच हाती पडले पाहिजेत. एकदा मोबाइलवर गेलेले स्थळ मागे घेता येत नाही, म्हणून ही बाजू आधी लिहावी असे मी आग्रहाने सांगेन.

ही माहिती मोबाइलवर गेल्यानंतर खरे काम सुरू होते, ते म्हणजे "आज नको" असे सांगण्याचे. ओढ्यास पूर आला, गावात दुःखद घटना घडली, पेरणी चालू आहे, जत्रा आहे, रस्ता खचला, अशा दिवशी सकाळी सात वाजता कोणी तरी दोन ओळी लिहावयास हव्यात. हे काम बचत गटातील एखाद्या भगिनीकडे द्यावे आणि त्याचे मानधन द्यावे. फुकट केलेले काम पहिल्या पावसापर्यंत टिकते. अतिवृष्टीचे इशारे आज शासनाकडून त्या त्या भागातील मोबाइलवर संदेशाने येतातच, विजेच्या इशाऱ्यासाठी पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचे दामिनी हे साधन आहे. पण तो इशारा जिल्ह्याचा असतो. आपल्या ओढ्याचा इशारा आपल्यालाच द्यावा लागेल.

वेळ सांगितली तर पर्यटक ती पाळतात का, अशी शंका आपल्या मनात आली असेल. तिचे उत्तर रोहेकरांच्या नदीतच आहे. कोलाडजवळ कुंडलिकेत रबरी नौकांतून जाण्याचा जो खेळ चालतो तो सकाळचा असतो, कारण नदीतील ते पाणी पावसाचे नसते. मुळशी धरणाचे पाणी सह्याद्रीवरून भिऱ्याच्या वीजगृहात उतरते, १९२७ पासून तेथे वीज तयार होते, आणि वीज झाल्यावर सुटलेले पाणी कुंडलिकेत येते. पाणी सुटेल तेव्हा नौका निघेल, पाहुण्याच्या सोयीने नव्हे. आणि माणसे त्यासाठी पुण्या-मुंबईहून पहाटे उठून येतात! (ज्या धरणाविरुद्ध सेनापती बापटांनी मुळशीचा सत्याग्रह लढविला त्याचेच हे पाणी, हे त्या नौकांवरही कोणी सांगितले तर बरे होईल.) वेळ ठाम असली आणि आधी कळली तर पाहुणा ती पाळतो. आपण त्याला वेळ सांगतच नाही, म्हणून तो आपल्या सोयीने येतो. ह्याच कुंडलिकेच्या खालच्या अंगास पाण्याची स्थिती चांगली नाही, हेही लपवून चालणार नाही. आलेला पाहुणा ते पाहणारच, आणि पाहून लिहिणारच. कदाचित त्यामुळे तरी त्या प्रश्नाकडे अधिक लक्ष जाईल.

दोन सावधगिरीच्या सूचना. पहिली फसवणुकीची. घर नसताना घराचे छायाचित्र टाकून आगाऊ रक्कम उकळणारे लोक आहेत. पाहुणा फसला तरी नाव गावाचे जाते. म्हणून जेवणाची व मुक्कामाची सोय करणाऱ्या घरांची यादी ग्रामपंचायतीच्या फलकावरही असावी. कोणी फसले तर १९३० ह्या क्रमांकावर तत्काळ तक्रार करावी. दुसरी सूचना नेटवर्कची. डोंगरपायथ्याच्या खोऱ्यांत ते अचानक नाहीसे होते. मोबाइल बंद पडल्यावर वाट दाखविणारा रंगविलेला दगड आणि वेळापत्रकाचा पत्रा ह्यांना पर्याय नाही. दोन्ही असावीत आणि दोन्हींवरचा मजकूर एकच असावा.

शिक्षकांना एक विनंती. अवचितगडाच्या शिलालेखाची, गागोद्याची किंवा नागोठण्याच्या पुलाची माहिती लिहिताना ऐकीव कथा आणि निश्चित इतिहास ह्यांची सरमिसळ होऊ देऊ नये. कथा अवश्य सांगावी, पण ती कथा आहे असे म्हणून. दहा ओळी पुरेत. विशेषणे कमी वापरावीत, हे मी स्वानुभवावरून सांगतो.

भोजनोत्तर सत्रात प्रत्येक टेबलावर आपापल्या गटाचा नकाशा ठेवलेला आहे. प्रथम प्रत्येकाने आपल्या गावाविषयी मोबाइल आज काय दाखवितो ते पाहून कागदावर उतरवावे, आणि त्यातील चुकांवर तांबड्या शाईने खूण करावी. खारेपाटातील मंडळींनी खाडीकडे संपणाऱ्या रस्त्यांपासून सुरुवात करावी. हमरापूर आणि जोह्याच्या सदस्यांनी मूर्तिकारांस विचारून पाहुण्यांचे महिने लिहावेत, आजच पूर्ण झाले नाही तरी चालेल. ह्या सभागृहात नेटवर्क फक्त उजवीकडच्या दोन खिडक्यांपाशी मिळते. तेव्हा कृपया पाळीपाळीने यावे, आणि कोलाड व खांबकडून आलेल्या मंडळींना आधी जागा द्यावी. त्यांना अंधार पडण्यापूर्वी घरी पोहोचावयाचे आहे आणि परतीची रांग चार वाजता सुरू होते.